लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल कुणी मोठेपणी सांगितलं, तर

तिशीत, चाळिशीत, कधी साठी उलटल्यावरही एखादी व्यक्ती सांगते, ‘लहानपणी माझ्याबरोबर नको ते झालं होतं.’ ऐकणारा बहुतेक वेळा समुपदेशक नसतो. मैत्रीण असते, धाकटा भाऊ असतो, नवरा असतो, होस्टेलवरची रूममेट असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि संस्थांमध्ये नव्याने काम सुरू केलेल्या कार्यकर्त्यांसाठीही. लैंगिक अत्याचार डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. मारहाण, कोंडून ठेवणं, सततचा अपमान याबद्दल कुणी सांगितलं, तर कायद्याचा भाग वगळून बाकीचं तसंच लागू पडतं.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. त्यातल्या ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यात निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. ती मुलं आज नोकरीला लागलीत, लग्नं झालीत, त्यांना मुलं आहेत. म्हणून पुढे ‘ती’ लिहिलंय तिथे ‘तो’ही धरून चाला.

सांगण्याची सुरुवात ओळखा

समोर बसवून, प्रस्तावना करून कुणी सांगत नाही. स्कूटरवर मागे बसून, रात्री सगळी झोपल्यावर ओट्यापाशी भांडी आवरताना, टीव्हीवर बातमी चालू असताना एखादं वाक्य सुटतं. ‘त्या मामांकडे मी नाही जात.’ ‘हे असं सगळ्यांच्याच घरात होतं का गं?’ हे चाचपणं असतं. ती तुमचा चेहरा बघत असते. त्या क्षणी तुम्ही ‘शी, नको लावू असल्या बातम्या’ म्हणालात, की विषय तिथेच मिटतो. पुढच्या वेळेला दहा वर्षं लागू शकतात.

काही वेळा अशा असतात, की जुनं वर येतं: स्वतःची मुलगी त्याच वयाची होते तेव्हा, लग्नाची बोलणी सुरू होतात तेव्हा, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे तपासणीची वेळ येते तेव्हा. ज्याने हे केलं तो वारतो आणि घरात सगळे त्याचे गोडवे गात असतात तेव्हा. किंवा त्याचा निवृत्तीचा सत्कार असतो आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो येतात तेव्हा.

अशा अर्ध्या वाक्याला उत्तरही अर्धंच द्यावं. ‘का नाही जात? सांगायचं नसेल तर राहू दे, पण सांगावंसं वाटलं तर मी आहे.’ याहून जास्त ओढू नका.

पहिली पायरी: हातातलं थांबवा

गाडी चालवत असाल तर बाजूला घ्या. फोन सायलेंटवर टाकून उलटा ठेवा. घरात माणसं असतील तर ‘गच्चीवर जाऊ या का, की इथंच बरंय?’ असं तिला विचारा. स्वतः उठून दाराला कडी घालू नका. अनेकांच्या आठवणीत नेमकी ती कडीच असते. दाराकडची जागा तिला बसायला द्या. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसणं सोपं जातं, कारण मग नजर चुकवण्याची कसरत करावी लागत नाही. मिठी मारण्याआधी, पाठीवर हात ठेवण्याआधी ‘जवळ येऊ का?’ असं विचारा, अगदी सख्खी बहीण असली तरी.

चहा टाकायला उठू नका. आपल्याकडे कुठल्याही दुःखावर पहिली धाव चहाकडे असते. पण आधण उकळेपर्यंत ती ‘जाऊ दे, काही नाही’वर आलेली असते. पाणी पुरे.

खरंच निघायचं असेल तर लपवू नका. ‘मला वीस मिनिटांनी निघावं लागेल, तोवर मी इथेच आहे, आणि रात्री नऊला फोन करते’, असं सांगा आणि नऊला फोन करा. सव्वानऊला नाही.

दुसरी पायरी: थोडं बोला, आणि हेच बोला

‘तू सांगतेस ते मला खरं वाटतंय.’ ‘यात तुझी काही चूक नव्हती.’ ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ ही तीन वाक्यं तुमच्या रोजच्या बोलीत जशी येतील तशी म्हणा. पुस्तकी वाटली तर ती लगेच ओळखते. त्यानंतर गप्प बसा. अर्ध्या मिनिटाची शांतता फार लांबलचक वाटते आणि नवखा माणूस ती भरायला जातो. तिथेच बहुतेक चुका होतात.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रश्न म्हणजे ‘मग तेव्हाच का नाही सांगितलंस?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण ऐकणारीला तो उलटतपासणीसारखा लागतो. उत्तर खरं तर आपल्यालाच माहीत असायला हवं. आठ वर्षांच्या मुलीकडे त्यासाठी शब्दच नसतात. ‘आईला सांगितलंस तर ती मरेल’ अशी धमकी असते. तो माणूस घरात सगळ्यांचा लाडका असतो आणि तिलाही तो आवडत असतो, कारण तोच खाऊ आणतो, गृहपाठ घेतो, सायकल शिकवतो. आणि खूपदा तिने सांगितलेलं असतं. ‘काहीतरीच काय बोलतेस’ म्हणून तेव्हा गप्प केलेलं असतं.

दुसरी चूक मोजमापाची. ‘म्हणजे फक्त हातच लावला ना?’ ऐकणाऱ्याला स्वतःला हायसं वाटून घ्यायचं असतं, म्हणून हा ‘फक्त’ येतो. पुढे मनावर काय परिणाम राहतो ते निव्वळ कृत्यावरून ठरत नाही. कुणी केलं, किती वर्षं चाललं, सांगितल्यावर घरचे कसे वागले, याचाही त्यात मोठा वाटा असतो.

संताप येणारच, पण तो आवरा. ‘कुठे राहतो तो? सोडत नाही त्याला’ असं म्हटलंत, की तिलाच तुम्हाला शांत करत बसावं लागतं, आणि उद्या तुम्ही काय कराल याची नवी धास्ती डोक्यावर येते. ‘मला राग आलाय, पण तुझ्यावर नाही’ एवढं पुरतं. ‘माफ करून टाक, तुलाच बरं वाटेल’, ‘देव बघून घेईल’, ‘विसर आता, किती चांगला संसार आहे तुझा’ ही वाक्यं आपल्याकडे सहज तोंडात येतात. गिळा. तुमच्याही बाबतीत असं काही झालं असेल तर ते आज सांगायला घेऊ नका, नंतर कधीतरी.

पुरुष सांगत असेल तर आणखी एक. ‘मग तू दोन द्यायच्या ना त्याला’ किंवा, करणारी बाई असेल तर, ‘नशीबवान आहेस लेका’. असले विनोद मित्रांच्या कट्ट्यावर पटकन येतात, आणि त्यानंतर तो पुन्हा कुणालाच सांगत नाही.

एक गोष्ट मात्र ती विचारत नसली तरी योग्य वेळ बघून बोलावी. त्या वेळी शरीराने प्रतिसाद दिला असेल, काही क्षण बरं वाटलं असेल, किंवा ती दगडासारखी पडून राहिली असेल, ओरडली नसेल. याची लाज अनेकांना घटनेइतकीच खात असते. शरीराच्या प्रतिक्रिया आपोआप होतात; भीतीने गोठणं हीसुद्धा त्यातलीच एक. संमतीशी त्यांचा काही संबंध नसतो. हे सरळ, न लाजता सांगता यायला हवं.

तिसरी पायरी: विचारायचे प्रश्न चारच

आज तू सुरक्षित आहेस ना? तो माणूस अजून संपर्कात आहे का? याआधी कुणाला सांगितलं होतंस? आणि माझ्याकडून आत्ता काय हवंय? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा ‘काही नाही, नुसतं ऐक’ असंच येतं. मग तेवढंच करा.

नेमकं काय केलं, कुठे, किती वेळा, कपडे कोणते होते, हे विचारू नका. ती आपणहून सांगेल ते ऐका. तपशील उकरल्याने तिला सगळं पुन्हा भोगावं लागतं. शिवाय उद्या तक्रार झालीच, तर ‘हे मैत्रिणीने डोक्यात भरवलं’ असा बचाव करायला जागा मिळते. ‘त्याने तुला धरून ठेवलं असेल ना?’ अशी वाक्यं तर मुळीच नकोत.

हकिगत सलग येणार नाही. साल आठवत नाही, पण पंख्याची करकर आठवते. इयत्ता चुकते, पण त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास जसाच्या तसा असतो. भेदरलेल्या मेंदूत आठवणी अशाच, तुकड्यांनी साठतात. आज सांगितलेलं आणि महिन्याने सांगितलेलं थोडं वेगळं असलं म्हणजे खोटं असं धरू नका. गाळलेल्या जागा भरायलाही जाऊ नका; संमोहनाने ‘दबलेल्या आठवणी बाहेर काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून तिला लांब ठेवा.

ती मध्येच हरवली तर

बोलता बोलता नजर एका जागी खिळते, आवाज सपाट होतो, हाक मारली तरी लक्ष जात नाही, हात गार पडतात. ती त्या वेळी तुमच्यासमोर नसते, त्या जुन्या खोलीत असते. हलवू नका, अंगाला हात लावू नका. हळू, नेहमीच्या आवाजात नाव घ्या. ‘आज गुरुवार आहे, आपण माझ्या घरी आहोत, खाली भाजीवाला ओरडतोय, ऐकू येतंय?’ पाय जमिनीवर टेकवायला सांगा. गार पाण्याचा ग्लास हातात द्या. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. ‘डोळे मिटून दीर्घ श्वास घे’ हा सल्ला इथे उलटू शकतो, कारण डोळे मिटले की समोर तेच येतं. डोळे उघडेच राहू द्यात. बहुतेक वेळा काही मिनिटांत माणूस परत येतो. मग विषय पुढे नेऊ नका. त्या दिवसापुरतं झालं.

गुप्ततेचं वचन कसं द्यावं

‘आईशप्पथ, कुणाला सांगणार नाही’ असं म्हणू नका, कारण ते पाळता येईलच असं नाही. म्हणा, ‘तुला विचारल्याशिवाय मी कुणाशी बोलणार नाही. तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा आज एखादं लहान मूल त्याच्या तावडीत असेल, तर मात्र गप्प बसता येणार नाही. तेव्हाही आधी तुझ्याशी बोलेन.’

तुमच्या नवऱ्याला सांगितलं तर चालेल का, ते विचारा. ‘आमच्यात काही लपवालपवी नसते’ ही तुमची व्यवस्था झाली, तिची नव्हे.

रात्री पावणेबाराला व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज आला असेल, तर ‘वाचला. खरं वाटतंय. तुझी चूक नव्हती. फोन करू, की इथंच लिहायचंय?’ एवढं लगेच पाठवा. दोन निळ्या टिका आणि सकाळपर्यंत शांतता, याच्याइतकं क्रूर काही नाही. मेसेज पुढे पाठवू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवू नका. पण तिला न विचारता पुसूनही टाकू नका. पुढेमागे तो पुरावा ठरू शकतो.

आज कुणाला धोका आहे का

दोन धोके बघायचे. पहिला तिच्याच जिवाचा. आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का कधी?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर पुढचा प्रश्न: कसं करायचं ते ठरवलंय का, आणि ते साधन घरात आहे का? गावाकडे हे साधन बहुधा फवारणीचं औषध असतं. ते कुलपात जाऊ दे, किल्ली दुसऱ्याकडे. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. बेत ठरलेला असेल तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत असते, मराठीत बोलता येतं. तातडीची मदत लागली तर ११२.

दुसरा धोका, त्या माणसाच्या आसपास आज असलेल्या मुलांचा. तो शिकवणी घेतो का? त्याच्या घरी नातवंडं राहतात का? पाळणाघर, व्यायामशाळा, कीर्तनाचा वर्ग? सांगणारीचं दुःख ऐकताना हा प्रश्न राहून जातो. आणि खूपदा तीच आतून त्यानेच पोखरलेली असते: ‘मी गप्प बसले म्हणून माझ्या भाचीचं तर काही...’ दुसऱ्या मुलांची राखण करण्याचं ओझं तिच्यावर टाकू नका. ‘तू बोलली नाहीस तर उद्या आणखी एकीचं होईल’ हे वाक्य बरोबर वाटलं तरी त्याने ती फक्त मोडते. तिचं नाव न घेता काय करता येईल ते आधी पाहा. मुलाला त्याच्याकडे एकटं न पाठवणं लगेच जमण्यासारखं आहे. १०९८ या बाल मदतवाहिनीवर कुणालाही फोन करता येतो. पोलिस किंवा बाल कल्याण समितीपर्यंत गोष्ट गेली, तर माहिती कुठून मिळाली हा प्रश्न येणारच, हेही तिला आधीच सांगा.

त्या माणसाला स्वतः गाठून जाब विचारू नका. तो सावध होतो, पुरावे जातात, आणि पहिला फोन तिला किंवा तिच्या आईला जातो.

कायदा: तारखा नीट बघा

पोक्सो, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि तो मागे जाऊन लागत नाही. १४ नोव्हेंबर १९९४ च्या आधी जन्मलेल्यांचं सगळं बालपण त्याच्या आधीचं. त्यांच्या तक्रारीला त्या काळची भारतीय दंडसंहिताच लागते. १ जुलै २०२४ पासून आलेली भारतीय न्याय संहिता जुन्या गुन्ह्यांना लागत नाही. जुन्या दंडसंहितेतली कलमं अशी: मुलींसाठी बलात्काराचं ३७६ किंवा विनयभंगाचं ३५४, मुलग्यांसाठी प्रामुख्याने अनैसर्गिक संभोगाचं ३७७.

मुदतीबद्दल वकीलसुद्धा कधी घाईत चुकीचं सांगतात. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा होऊ शकते, त्याच्या तक्रारीला कालमर्यादा नाही. म्हणजे ३७६ आणि ३७७ खाली वीस-पंचवीस वर्षांनीही गुन्हा नोंदवता येतो. पोक्सोखालच्या लैंगिक स्पर्शाच्या गुन्ह्यांचंही तसंच. पीडित व्यक्ती मोठी झाल्यावरही तक्रार करू शकते, हे २०१८ मध्ये केंद्रीय विधी मंत्रालयाने स्पष्ट केलं होतं. अडचण ३५४ ची. २०१३ च्या दुरुस्तीआधी त्याला कमाल दोनच वर्षं शिक्षा होती, म्हणून तीन वर्षांची मुदत लागते. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

करणारा त्या वेळी स्वतः अठराच्या आतला असेल, समजा पंधरा वर्षांचा चुलतभाऊ, तर आज तो चाळिशीचा असला तरी प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. तो वारला असेल तर फौजदारी खटला चालत नाही.

घटना कुठेही घडली असली तरी कुठल्याही पोलिस ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ देता येतो, तो पुढे योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. ऑनलाइनही माहिती देता येते. मग तीन दिवसांच्या आत त्यावर सही करावी लागते. न्यू जर्सीत किंवा दुबईत राहणारी मुलगी सांगलीतल्या घटनेची तक्रार करू पाहते, तेव्हा ही तीन दिवसांची अट आधी लक्षात घ्यावी. बाईची तक्रार महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्यात नाकारलं तर लेखी तक्रार टपालाने पोलिस अधीक्षकांकडे, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

इतक्या वर्षांनी वैद्यकीय तपासणीत सहसा काही सापडत नाही. उपयोगी पडतात त्या वेगळ्याच गोष्टी: जुनी डायरी, तेव्हा कुणाला सांगितलं असेल तर ती मैत्रीण, वय दाखवणारा शाळेचा दाखला, त्या घराचे फोटो, आणि त्या माणसाने अलीकडे मेसेजमध्ये मागितलेली माफी. निकाल लागायला वर्षं जातात. हे सगळं सांगायचं, आणि निर्णय तिच्यावर सोडायचा. तक्रार न करणं हाही पूर्ण निर्णय आहे, त्याला भित्रेपणा म्हणू नये. समाजमाध्यमावर नाव जाहीर करायचं मनात असेल तर आधी वकिलाशी बोलू दे. बदनामीचा खटला उलटून येऊ शकतो. आणि तिचं नाव मात्र तुम्ही कुठेही जाहीर करू नका. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

आता ऐकणाऱ्याची स्वतःची जबाबदारी. पोक्सोचं कलम १९ सांगतं, की या कायद्याखालचा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे त्याने पोलिसांना कळवायचं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. पीडित आता मोठी झाली असेल तर सूट, असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं, की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. म्हणून २०१२ नंतरची घटना सांगणाऱ्या विशी-बाविशीतल्या व्यक्तीशी बोलताना कार्यकर्त्याने ही मर्यादा तिने नाव, गाव, तपशील सांगण्याच्या आधी सांगायची असते. नंतर सांगणं म्हणजे तिला फसवणं. २०१२ च्या आधीच्या घटनेला हे कलम लागत नाही.

दुसऱ्या दिवशी

सांगून झाल्यावर मोकळं वाटतं असा समज आहे. पुष्कळदा उलट होतं. रात्री झोप लागत नाही, सकाळी ‘कशाला बोलले’ असं वाटतं, आणि ती तुम्हाला टाळायला लागते. दुसऱ्या दिवशी एक मेसेज करा: ‘काल सांगितलंस, माझ्या मनात तुझ्याबद्दल काही बदललेलं नाही. उत्तर द्यायची घाई नाही.’ मग नेहमीच्या गप्पा चालू ठेवा, ऑफिसच्या, सिनेमाच्या, डब्याच्या. प्रत्येक भेटीत दयार्द्र चेहऱ्याने ‘आता कशी आहेस?’ विचारलं, की तिला तुमच्याकडे यावंसं वाटत नाही. महिनाभराने एकदा ‘त्या दिवसाबद्दल बोलायचं असेल तर मी तयार आहे’ म्हणा आणि पुन्हा गप्प.

घर, सण, कार्यं

भाऊबीज घ्या. ज्या मामेभावाने दोन वर्षं छळलं, त्यालाच ती गेली वीस वर्षं पाटावर बसवून ओवाळते, सगळ्यांसमोर त्याच्या हातून ओवाळणी घेते. गणपतीला तोच पंगतीत वाढायला असतो. नेहमीची मदत करायची असेल तर ती इथे करता येते. कोण येणार आहे ते आधी कळवणं, झोपायची सोय वेगळी करणं, परतीची गाडी तिच्या हाताशी असणं, ठरलेला एखादा शब्द उच्चारला की ‘चल गं, मला औषध आणायचंय’ म्हणून तिला बाहेर काढणं. यंदा ती जाणारच नसेल तर कारण तुम्ही पुरवा. तिला खोटं बोलत बसावं लागू नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांची ‘बैठक’ बसवून, त्याला पाया पडायला लावून मिटवण्याचा घाट कुणी घातला तर विरोध करा. त्यानंतर सगळ्यांचं मिटतं आणि तिने पुन्हा तोंड उघडलं की ‘झालं ना आता, माफी मागितली ना’ असं ऐकवलं जातं.

आईवडिलांनी ऐकायची वेळ आली तर ती सगळ्यात अवघड. करणारा कदाचित तुमचाच भाऊ असतो. ‘मला तेव्हा कळलं असतं तर मी...’ म्हणत तिच्याच गळ्यात पडून रडू नका. मग लेकीला आईचे डोळे पुसावे लागतात. तिने तेव्हा सांगितलं होतं आणि तुम्ही ऐकलं नव्हतं, असं ती म्हणाली तर एकच वाक्य: ‘तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही, माझं चुकलं.’ त्यापुढे ‘पण’ नको.

जोडीदाराने ऐकलं असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. कुठला स्पर्श, कुठली जागा, दिवा चालू की बंद, हे शांतपणे, बिछान्याबाहेर विचारून घ्या. ती मध्येच ‘थांब’ म्हणाली तर थांबा, आणि रुसू नका. तो नकार तुम्हाला नसतो.

पुढची मदत

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात. नोंदणी आहे का ते विचारायला संकोचू नये. पहिल्या फोनवरच तीन प्रश्न विचारावेत: बालपणी अत्याचार झालेल्या मोठ्या माणसांबरोबर काम केलंय का, फी किती, आणि माझ्या परवानगीशिवाय घरच्यांशी बोलाल का? तिसऱ्या प्रश्नाला ‘घरच्यांना घेऊनच या’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जावं. पहिल्याच बैठकीत सगळा तपशील सांगायचा आग्रह धरणारेही टाळावेत. चांगला थेरपिस्ट आधी झोप, भीती, रोजचं जगणं सावरतो आणि मग जुन्याकडे वळतो. एक जमला नाही तर दुसरा बघण्यात काही गैर नाही. मुंबईतली ‘अर्पण’ ही संस्था बाललैंगिक अत्याचार याच विषयावर काम करते आणि मोठ्यांनाही समुपदेशन देते. दिल्लीची ‘राही’ १९९६ पासून अशा स्त्रियांसाठी काम करते. पैसे नसतील तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. नंबर शोधून द्या, हवं असेल तर बाहेर बाकावर बसून राहा. पण अपॉइंटमेंट तिने स्वतः घ्यावी.

कार्यकर्त्यांसाठी: नोंद

नोंद ठेवणार असाल तर आधी विचारा. तारीख, वेळ, ठिकाण, आणि तिचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात. ‘रडत होती’ लिहा, ‘खोटं वाटलं नाही’ लिहू नका. निष्कर्ष काढणं तुमचं काम नाही. नाव वेगळ्या कागदावर, कुलपात. संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आज एक केस आली’ असा मेसेज नको, नाव वगळूनसुद्धा. छोट्या गावात तालुका आणि वय पुरतं.

आणि तुम्ही

ऐकल्यानंतर काही दिवस झोप उडणं, स्वतःच्या मुलांना कुणाकडे पाठवताना छातीत धस्स होणं, स्वतःचं काही जुनं वर येणं, हे होतं. तेव्हा तिच्याकडेच ते घेऊन जाऊ नका. तिची ओळख न सांगता कुणा समुपदेशकाशी बोला. टेली मानसच्या १४४१६ वर ऐकणाऱ्यांचेही फोन घेतले जातात.